रेस दिली, पण गाडी विचारात पडली

स्टुटगार्ट शहर वाडग्यात वसलंय. तळाशी गाव, चहूबाजूंनी चढ आणि त्या चढांवर अजूनही टिकून राहिलेले द्राक्षमळे. मी नाशिकची, त्यामुळे द्राक्षांचं मला अप्रूप नाही. चढांचा मात्र धसका आहे, कारण माझी गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची आणि विचारी स्वभावाची आहे. घरातून निघालं की पहिल्याच चौकात सर्कल लागतं. इथे डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग फट दिसली की शिरायचं. फट दिसते, मी पाय दाबते, आणि काहीच होत नाही. इंजिन गुरगुरतं, गाडी जागेवर. मग कोणी मागून ढकलल्यासारखी ती उडी घेते. ताशी ५० किलोमीटरने येणारा ट्रक एका सेकंदात १४ मीटर पुढे येतो, हे गणित मी त्या सर्कलवर शिकले.

बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पिकअप घेत नाही म्हण ना. कार्बोरेटर साफ केलास का?" बाबांची नोकरी सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेलच्या नोझल करण्यात गेली. पण त्यांचं घरगुती यंत्रज्ञान दर रविवारी चेतकचा कार्बोरेटर उघडून जेट फुंकण्यावर पोसलेलं. माझ्या गाडीत कार्बोरेटर नाही, हे त्यांना माहीत असूनही पटत नाही.

या पिकअप न घेण्याला जर्मन लोकांकडे एक नाही, तीन शब्द आहेत. पाय दाबल्यावर गाडी क्षणभर गप्प राहते, तो 'गेडेंकझेकुंडे'. दिवंगतांसाठी एक मिनिट स्तब्ध उभं राहतात ना, त्याच धर्तीवर श्रद्धांजलीचा सेकंद. टर्बो जागा व्हायला वेळ लावतो, ते 'टुर्बोलॉख', म्हणजे टर्बोचा खड्डा. आणि उभी गाडी हलताना लुळी पडते, ती 'अनफार्श्वेखे', निघतानाचा अशक्तपणा. तीन शब्द आहेत कारण दुखणी खरोखर वेगवेगळी आहेत. आपण सगळ्याला 'पिकअप नाही' म्हणतो आणि मग भलत्याच औषधावर पैसे घालवतो.

चौथा एक वाक्प्रचारही आहे, पण तो गॅरेजवाल्यांचा. तक्रार घेऊन गेलं की ते संगणक जोडतात, एकही चूक नोंदलेली नाही असं सांगतात आणि म्हणतात, "श्टांड डेअर टेक्निक." आजचं तंत्रज्ञान असंच असतं. मी जिथे गेले तिथल्या मास्तरांनीही हेच सांगितलं. तेव्हा राग आला होता. नंतर शोधत गेले तेव्हा कळलं, की त्यांचं निम्मं म्हणणं खरं होतं.

तर पाय दाबल्यापासून चाक फिरेपर्यंत तो सेकंद कुठे कुठे खर्च होतो, ते रांगेनं पाहू.

जुन्या गाडीत पेडलपासून एक तार निघे आणि थेट इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या झडपेला जोडलेली असे. पाय अर्धा दाबला की झडप अर्धी उघडे. मध्ये विचार करणारं कोणी नव्हतं. १९८७ साली बीएमडब्ल्यूने बारा सिलिंडरची ७५०आय आणली, तिच्यात ती तार काढून टाकलेली होती. पेडल फक्त विजेचा इशारा देई आणि झडप मोटर उघडे. जर्मन भाषेत याला 'ई-गास' म्हणतात. महागड्या गाडीतली ही चैन पुढच्या पंधरा-वीस वर्षांत साध्या गाड्यांतही आली, कारण ती चैन राहिलीच नव्हती. गाडी घसरू लागली की इंजिनाची ताकद आपोआप कमी करणारी ईएसपी यंत्रणा १९९५ साली मर्सिडीजच्या एस-क्लास कुपेत आली. तशा यंत्रणेला झडपेवर हुकूम चालवायचा असतो, आणि तार असली की हुकूम फक्त पायाचा चालतो.

आजच्या पेडलच्या बुडाशी एक नाही, दोन सेन्सर असतात, एकमेकांपासून स्वतंत्र. पुष्कळ गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट ठेवलेला असतो. हे प्रमाण बिघडलं की इंजिनाचा संगणक समजतो, दोघांपैकी एक खोटं बोलतोय, आणि गाडीला जपून चालण्याच्या स्थितीत टाकतो. जर्मन कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या ई-गासच्या सुरक्षा आराखड्यात तर पहारेकऱ्यावर पहारेकरी आहे. एक वेगळी चिप मुख्य प्रोसेसरला सतत गणितं घालत बसते, पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरांसारखी. उत्तर चुकलं की झडपेच्या मोटरची वीजच तोडायची. ऐकायला हे सगळं वेळखाऊ वाटतं, पण तो सेकंद इथे जात नाही. संगणकाचा हा फेरा साधारण दर १० मिलिसेकंदांनी होतो. झडपसुद्धा बंदपासून सताड उघडी व्हायला सेकंदाचा दहावा भाग, फार तर थोडा जास्त वेळ घेते.

मग उशीर कशाचा? पहिला उशीर मुद्दाम घातलेला आहे, आणि गॅरेजमध्ये तो कोणी समजावून सांगत नाही.

आपल्याला वाटतं, पेडल म्हणजे झडप. संगणकाच्या लेखी पेडल म्हणजे अर्ज. 'बाईंना इतका टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, हवा आहे.' नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस बॉशची मोट्रोनिक ही इंजिन चालवणारी संगणक यंत्रणा याच तत्त्वावर चालू लागली: पायाचा अर्ज, गिअरबॉक्सचा अर्ज, ईएसपीचा, एसीच्या कॉम्प्रेसरचा, सगळे टॉर्कच्या एकाच भाषेत येतात आणि संगणक निवाडा करतो. पायाने किती दाबलं तर किती टॉर्क मागितला असं समजायचं, याचा तक्ता कारखान्यात भरलेला असतो. इको मोडमध्ये तो तक्ता कंजूष असतो, अर्ध्या पेडलपर्यंत फारसं काही देतच नाही. स्पोर्टमध्ये पहिल्या चतुर्थांशातच सढळ हाताने देतो. पेडल पूर्ण दाबलं की बहुतेक गाड्यांत दोघांची ताकद सारखीच.

त्याच्याही पुढे एक गाळणी असते. इंजिन रबराच्या पायांवर टेकलेलं असतं आणि गिअरच्या दातांमध्ये थोडी ढिलाई असते. पाय सोडलेला असताना चाकं इंजिनाला फिरवत असतात. पाय दाबला की इंजिन चाकांना फिरवू लागतं. हा पालटाचा क्षण अचानक आला तर दात दातांवर आपटतात, इंजिन रबरावर डोलतं आणि प्रवाशांच्या माना हलतात. म्हणून त्या क्षणी संगणक टॉर्क हळूच वाढवतो, दात एकमेकांना टेकू देतो आणि मगच जोर लावतो. बैलगाडीचा जाणता हाक्या जू ताणलं गेल्यावरच चाबूक उगारतो, तसं. गाडी जितकी 'आरामदायी' म्हणून विकलेली, तितकी ही गाळणी जाड. चालत्या गाडीत पाय सोडून पुन्हा दाबल्यावर जो गेडेंकझेकुंडे जाणवतो, त्यातला बराच हिस्सा हाच.

आता हवा. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १००० फेऱ्यांवर फिरत असेल, तर प्रत्येक सिलिंडर १२० मिलिसेकंदांनी एकदा श्वास घेतो. हुकूम मिळाला तरी पुढच्या श्वासापर्यंत थांबणं आलं. पण ही चिल्लर. मोठी रक्कम टर्बोकडे जाते.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेले दोन पंखे. एक धुराच्या वाटेत, दुसरा हवेच्या वाटेत. बाहेर जाणारा धूर पहिल्याला फिरवतो, दुसरा ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन, म्हणजे जास्त ताकद. घोळ असा, की हवा कोंबायला धूर हवा आणि धूर व्हायला आधी हवा हवी. 'लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही' त्यातली गत. छोट्या टर्बोचे पंखे मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात जातात, आणि मंद इंजिनाच्या क्षीण धुरावर तिथवर पोचायला सेकंदभर, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. तोवर माझं एक लिटरचं इंजिन खरोखर फक्त एक लिटरचं असतं.

हा खड्डा जर्मनांना जुना ओळखीचा. १९७३ साली बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' नावाची गाडी काढली. तिच्या पुढच्या पट्टीवर नाव उलट्या अक्षरांत रंगवता येई, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला ते आरशात सुलट दिसावं आणि त्याने बाजूला व्हावं. मगरुरी म्हणून त्यावर भरपूर टीका झाली. पाठोपाठ पोर्शची ९११ टर्बो आली. तिच्यात आधी काहीच नाही आणि मग वळणाच्या मध्यावर सगळं एकदम, म्हणून ती चालवणाऱ्यांना घाम फोडणारी ठरली. तेव्हा टर्बो शौकिनांसाठी होता. पुढे युरोपीय संघाने नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडवर मर्यादा घातल्या: २०१५ साठी सरासरी किलोमीटरला १३० ग्रॅम, त्यानंतर ९५. कंपन्यांनी इंजिनं लहान केली आणि कमी पडणारी ताकद टर्बोतून भरून काढली. अशा रीतीने १९७३ चा खड्डा माझ्या वाणसामानाच्या गाडीत येऊन पडला.

खड्डा बुजवायच्या खटपटी मनोरंजक आहेत. फोक्सवागनने २००५ साली गोल्फमध्ये टर्बोच्या जोडीला पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर बसवला, म्हणजे धूर जमेपर्यंत इंजिन स्वतःच हवा कोंबेल. पोर्शने २००६ च्या ९११ टर्बोत धुराच्या वाटेवर हलणारी पाती लावली. धूर कमी असताना वाट अरुंद करायची, नळीच्या तोंडावर अंगठा दाबून पाण्याची पिचकारी लांब मारतात तसं. आउडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये ४८ व्होल्टवर चालणारा विजेचा पंखा दिला. तो पाव सेकंदात मिनिटाला ७०,००० फेऱ्यांवर पोचतो. २०२२ मध्ये मर्सिडीज-एएमजीने सी ४३ च्या टर्बोच्या दांड्यावरच मोटर चढवली. यातलं काहीही माझ्या गाडीत नाही. तिच्या किमतीत ते येणारही नव्हतं.

रांगेतला शेवटचा गिअरबॉक्स. माझ्या गाडीत दोन क्लचवाला स्वयंचलित गिअरबॉक्स आहे. फोक्सवागनने तो डीएसजी नावाने २००३ मध्ये सर्वसामान्य उत्पादनात आणला आणि आज तो मुंबई-पुण्यातही ओळखीचा आहे. चालत्या गाडीत तो झटपट, कारण पुढचा गिअर आधीच लावून तयार असतो. पण त्याचा अंदाज चुकला तर पंचाईत. इंधन वाचवायला तो ताशी ५० लाच वरच्या गिअरमध्ये जाऊन बसतो. मी अचानक पाय दाबला की त्याला दोन-तीन पायऱ्या खाली उतरावं लागतं, आणि त्याने तयारी केलेली असते पुढच्या, म्हणजे वरच्या पायरीची. उभ्या गाडीत आणखी भर. सिग्नलला इंधन वाचवायला इंजिन आपोआप बंद झालेलं असतं. ब्रेकवरून पाय काढल्यावर ते सुरू होणार, मग क्लच हळूहळू चिकटणार, कारण झटक्यात चिकटला तर जळेल, मग टर्बो जागा होणार. तीन रांगा एकामागे एक. अनफार्श्वेखे म्हणतात ती हीच.

आपला सेकंद यातला कुठला, हे ओळखायला गॅरेज लागत नाही. मोकळा, सपाट रस्ता आणि शेजारी बसणारं एक माणूस लागतं. गाडी हाताने गिअर बदलायच्या स्थितीत टाकून तिसऱ्यात ठेवायची. १५०० फेऱ्यांवर असताना पाय दाबायचा, मग तेच ३००० वर करून पाहायचं. ३००० वर उशीर गायब झाला तर तो टर्बोचा. दोन्हीकडे सारखाच राहिला तर तक्त्याचा किंवा गाळणीचा. मग स्पोर्ट मोड लावून पुन्हा बघायचं. हाताने गिअर धरल्यावर ठीक आणि 'डी'मध्ये वाईट, तर दोष गिअरबॉक्सच्या निवडीचा. फक्त उभ्या गाडीतच त्रास असेल तर आधी इंजिन बंद पाडणारी ती सोय बटणाने बंद करून पाहावी.

मी आणखी एक केलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याला मोबाइलवर पेडल आणि फेऱ्यांचा काटा एकाच चौकटीत पकडायला लावलं. सेकंदाला ३० चित्रं म्हणजे प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंदांचं. चित्र-चित्र पुढे सरकवत मोजता येतं, पाय कधी गेला, काटा कधी हलला आणि खिडकीबाहेरचं झाड कधी सरकलं. काटाच उशिरा हलला तर इंजिनाकडे बघायचं. काटा लगेच चढला आणि झाड जागेवरच, तर क्लचकडे. डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचं स्वस्त ब्लूटूथ यंत्रही मिळतं. पेडल किती दाबलं आणि हवेचा दाब किती वाढला हे त्यात दिसतं, पण ते सेकंदाला मोजकेच आकडे देतं. दाब चढतोय की नाही हे कळायला ते पुरेसं, मिलिसेकंद मोजायला बिनकामाचं. आणि हे सगळं शेजाऱ्याने करायचं. जर्मनीत चालकाच्या हातात मोबाइल दिसला तर १०० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला ठेवलेल्या चालकांच्या दोषांच्या नोंदवहीत एक दंडगुण.

मग औषध काय? 'स्वभावाला औषध नाही' म्हणतात, पण इथे थोडं आहे, आणि बरंचसं फुकट. सर्कल किंवा चढ येण्याआधी मी स्टिअरिंगमागची डावी पट्टी ओढून स्वतःच एक गिअर खाली घेते. फेऱ्या आधीच वाढलेल्या असतात, टर्बो अर्धा जागा असतो. आउटोबानवर शिरताना बाजूची वेग वाढवायची पट्टी असते, तिथे मी 'एस', म्हणजे स्पोर्ट, लावते. त्या रस्त्याच्या मोठ्या भागावर कमाल वेगाची सक्ती नाही. १३० ही केवळ शिफारस. मागून २०० ने येणारा सेकंदाला ५५ मीटर तोडतो, त्याच्यापुढे श्रद्धांजलीचा सेकंद परवडत नाही. आणि पाय धाडकन आपटण्यापेक्षा थोडा आधी, थोडाच ठेवला तर गिअरच्या दातांची ढिलाई तेवढ्यात निघून जाते. एक सवय मात्र सोडावी लागते: डाव्या पायाने ब्रेक धरून उजव्याने रेस देणं. दोन्ही पेडल एकत्र दिसली की बऱ्याच गाड्यांचा संगणक ब्रेकचं ऐकतो आणि इंजिनाची ताकद काढून घेतो.

विकत मिळणारं औषध म्हणजे पेडल बॉक्स. पेडल आणि संगणक यांच्यामध्ये तो बसतो आणि ३० टक्के दाबलं असता ५० टक्के दाबलं असं पुढे सांगतो. चढवून सांगणारा मध्यस्थ. तक्त्याचा कंजूषपणा त्याने झाकला जातो आणि गाडी चपळ वाटते. ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही, टर्बोचा खड्डा तिळभर बुजत नाही, आणि पार्किंगमध्ये हळू सरकवताना गाडी उड्या मारते. गाडीत स्पोर्ट मोड असेल तर यातलं बरंचसं आधीच मिळालेलं आहे, म्हणून मी तो घेतला नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी आधी एबीई, म्हणजे फ्लेन्सबुर्गच्या वाहन कार्यालयाची मंजुरी आहे का हे बघावं. जर्मनीत गाडीत विनापरवाना बदल केला तर गाडीचा चालवायचा परवानाच बाद ठरू शकतो. इंजिनाचा संगणक बदलून खरोखर ताकद वाढवणं तर त्याहून पुढचं प्रकरण: कागदपत्रांत नोंद हवी आणि विमा कंपनीला कळवणंही आलं.

हे सगळं स्वभावाबद्दल. आजार वेगळा, आणि तो ओळखायची खूण सोपी: गाडी पहिल्या दिवसापासून अशी आहे, की हल्ली अशी झाली? हल्ली झाली असेल तर 'श्टांड डेअर टेक्निक' ऐकून परत येऊ नये. झडपेभोवती तेलकट काजळी साचते, ती साफ केल्यावर झडपेला आपली बंद-उघडी जागा पुन्हा शिकवावी लागते, आणि साफ करताना ती बोटाने ढकलायची नसते, आतले बारीक गिअर तुटतात. हवा मोजणारा सेन्सर तेल लावायच्या शौकीन फिल्टरमुळे माखतो आणि हवा कमी आली असं सांगत राहतो. डिझेलमध्ये धूर परत फिरवणारी ईजीआर झडप काजळीने अडकते.

माझ्या गाडीला गेल्या हिवाळ्यात यातलं काहीच झालं नव्हतं. पण वाडग्यातून वर चढताना ती दमू लागली, आणि पाय दाबला की पुढून 'फुस्स' असा बारीक आवाज येई. दिवा लागला नव्हता. दुसऱ्या, छोट्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या बाईंनी बॉनेट उघडून आधी संगणक जोडलाच नाही, टॉर्च घेऊन टर्बोपासून निघणारा रबरी पाइप हाताने चाचपला. खालच्या बाजूला तेलाचा ओलावा होता. दाबून धरल्यावर बोटभर चीर उघडी पडली. टर्बो इमानाने हवा कोंबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. मग संगणकही जोडला. पी०२९९, दाब अपुरा, हा कोड एकदा येऊन गेल्याची नोंद निघाली. पाइप बदलला. गाडी परत आपल्या मूळच्या विचारी स्वभावावर आली, आजार तेवढा गेला.

रात्री बाबांना फोन केला. पाइप फाटला होता म्हटलं.

"मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो ना," बाबा म्हणाले, "हवेचाच घोळ आहे म्हणून."

ते कार्बोरेटर म्हणाले होते. मी म्हटलं, "हो, बाबा, म्हणाला होतात खरं."